पुढचा ब्रेक

३ मार्च, मंगळवार

औषध कंपनीने दिलेली ही डायरी जानेवारीपासून फ्रिजवर पडून होती. प्रत्येक पानाखाली आम्लपित्ताच्या गोळ्यांची जाहिरात. आज लिहायला घेतली ती आम्हाला ड्रेसिंगची घरं वाटून देणाऱ्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, गाडीच्या कंपनीशी गाठ आहे, काय कधी झालं ते तारीखवार लिहून ठेव. तर हे घ्या.

सकाळी सव्वासातला पहिल्या घरी हातमोजे चढवत होते, तेव्हा फोनवर मेसेज आला. माझ्या मोटरसायकलच्या मॉडेलच्या काही गाड्या कंपनीने परत बोलावल्या आहेत. पुढच्या ब्रेकच्या पंपात एक रबरी सील असतं, ते सदोष निघालंय. क्वचित प्रसंगी ब्रेक लागत नाही. 'दुरुस्ती होईपर्यंत वाहन चालवणे टाळावे.' खाली गाडीचा नंबर. माझाच.

मेसेज वाचला, मोजे चढवले, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची पाठ पुसली, जखमेची पट्टी बदलली आणि त्याच गाडीवर बसून पुढच्या घरी गेले. दिवसभरात आठ घरं झाली. ब्रेक शंभरदा तरी दाबला असेल, शंभरदा लागला.

'टाळावे' हा शब्द मोठा गमतीचा आहे. डॉक्टरही लिहून देतात, तेलकट टाळावे, जड उचलणे टाळावे. वीस वर्षं घरोघर जाऊन ड्रेसिंग करतेय, टाळणारा माणूस अजून भेटायचाय.

५ मार्च, गुरुवार

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या बाई नीटनेटक्या, नखं रंगवलेली, बोलायला गोड. माझ्या आधी सतरा जणांनी नावं लिहिली होती. पार्ट बाहेरून येणार, सहा ते आठ आठवडे लागतील म्हणाल्या. बदली गाडी मिळत नाही.

मी म्हटलं, "तोवर चालवू की नको?"

"मॅडम, चालवा असं आम्ही लिहून देऊ शकत नाही."

"लिहून नको. तोंडी सांगा."

"तोंडी पण नाही सांगू शकत."

"तुमची स्वतःची हीच गाडी असती तर?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी बसने येते, मॅडम."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग त्यांनी आपला फोन नंबर दिला. कागद सापडेना म्हणून पिशवीतल्या याच डायरीत, पुढच्या कुठल्यातरी कोऱ्या पानावर लिहून घेतला. बाई चांगली आहे. तिच्या हातात तरी काय आहे?

६ मार्च, शुक्रवार

घरी सांगितलं. हे छापखान्यात मशीनवर असतात. दिवसभर त्या आवाजात राहून कान मंद झालेत, घरी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. दोनदा सांगितलं. म्हणाले, "अगं, हजारो गाड्या असतील रस्त्यावर. सगळ्या काय पडतायत? कंपन्या आपलं अंग काढून घ्यायला असले कागद पाठवतात." आणि बातम्या लावल्या. खरं सांगायचं तर मला हेच ऐकायचं होतं.

माझ्या फोनवरचा मेसेज लेकीने मात्र दोनदा वाचला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ब्रेक दाखवला. गाडी नवी घेतल्यापासून हाच हात लावतो तिला. त्याने लिव्हर दाबून पाहिला, चाक फिरवून पाहिलं, तेल पाहिलं. "दगडासारखा घट्ट आहे," म्हणाला. मला हायसं वाटणार तेवढ्यात पुढे म्हणाला, "पण सिस्टर, सील आत असतं. बाहेरून मला ते दिसत नाही, उगाच खोटं कशाला बोलू?"

ठरवलं की हळू चालवायची. मागच्या ब्रेकवर भर द्यायचा. एवढंच.

९ मार्च, सोमवार

लेकीने गाडी मागितली. कॉलेजच्या पलीकडे कुठेतरी सराव परीक्षा आहे, दोन बस बदलाव्या लागतात. लायसन्स आहे तिचं, हात चांगला आहे, मीच शिकवलंय. तरी नाही म्हटलं.

"का?"

"का म्हणजे? मेसेज वाचलास ना?"

"तू चालवतेस की."

"माझी गोष्ट वेगळी."

"कशी?"

मी म्हटलं, "मला सवय आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षांची झाली, पण असं बघायला लागली की माझ्या आईसारखी दिसते. मग पिशवी उचलून बस पकडायला गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१३ मार्च, शुक्रवार

अंग नुसतं आंबून गेलंय. आज आठऐवजी नऊ घरं. एका सिस्टरची पाठ धरली म्हणून तिचं एक माझ्या गळ्यात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याकडे गाडी आहे म्हणून सांगतेय हं." मी म्हटलं, गाडी सदोष आहे. त्या म्हणाल्या, "हो, ते लक्षात आहे माझ्या. नोंद ठेवताय ना?"

ठेवतेय.

दुपारचं जेवण राहिलं. तीन वाजता एका घरच्या सुनेने न विचारता भाताचं ताट पुढे केलं, उभ्याने खाल्लं.

निघताना नवी सिस्टर म्हणाली, "ताई, मला चौकापर्यंत सोडता?" चार महिन्यांपूर्वी कामावर आलीय, पातळ, चष्मेवाली पोरगी. मी नाही म्हटलं. गाडीला अशी अशी भानगड आहे, मागे कुणाला बसवत नाही. ती म्हणाली, "अगं बाई! मग तुम्ही कशा जाता?" मी म्हटलं, "जाते आपली." आणि गेले.

१८ मार्च, बुधवार

शिंप्याबद्दल लिहायचं राहून गेलंय. वरच्या वस्तीत, लांबलचक चढ संपल्यावर शेवटचं घर त्यांचं. वय सत्तरीच्या पुढे, साखर, डाव्या टाचेची जखम पाच महिने झाले तरी भरत नाही. बायको गेली, मुलगा परगावी. शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि उजव्या पायाने ते अजून चालवतात. त्यांच्याचसाठी मी मोटरसायकल घेतली असं म्हटलं तरी चालेल. स्कूटरची चाकं त्या चढावरच्या खड्ड्यांत रुतायची. बस अर्ध्यावरच थांबते, तिथून पुढे पंचवीस मिनिटं चढण.

आज टाच धुताना त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुमचा हात का थरथरतोय?"

"नाही थरथरत."

"चाळीस वर्षं दोरा ओवलाय मी. थरथरणारा हात मला लांबून कळतो."

मी विषय बदलला. त्यांना गाडीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'येऊ नका' म्हणाले असते, आणि त्यांचं ऐकून मी गेले नसते तर ती टाच काळी पडायला दहा दिवस पुरे आहेत. दुसरी कुणी वर जायला तयार नाही. मोठ्या सिस्टर नेहमी म्हणतात, "तुमच्याशिवाय वरच्या वस्तीला कोण जाणार?" ऐकायला बरं वाटतं, हे कबूल करते. दिवसभरात बरं वाटेल असं तेवढंच एक वाक्य कानावर पडतं.

२४ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शिंप्यांकडून निघाले, सव्वाचार वाजले असतील. उतारावर खालच्या वळणाआधी वाळूचा टेम्पो आडवा उभा होता, चाक बदलत होते. पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर आत गेला. पार मुठीपर्यंत, मऊ. एकदाच. पुन्हा दाबला तर घट्ट. तोवर मी मागचा ब्रेक दाबून, गिअर उतरवून, टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबलेच होते. टेम्पोवाला ओरडला, "बाई, बघून!"

लिव्हर खरंच आत गेला, की माझ्याच बोटांत जोर नव्हता? आता सांगता येत नाही. सकाळपासून पाण्यात हात, बोटं बधिर झालेली. त्यानंतर घरापर्यंत पन्नासदा दाबून पाहिला, पन्नासदा लागला.

पण लिहायचं आहे ते हे नाही. तो लिव्हर मऊ लागला तेव्हा मला भीती वाटली नाही. मनात आलं ते असं की पाय मोडला तर सहा आठवडे. सहा आठवडे पलंग. पांढरी चादर, खिडकी, आणि कुणीतरी दुसरीच बाई हातमोजे घालून येणार आणि विचारणार, दुखतंय का? फोन करून कुणी म्हणणार नाही की एक घर वाढलंय. कुणाला माझा राग येणार नाही, कारण पाय मोडलेल्या माणसावर कोण रागावतं?

आणि हे सगळं मला गोड वाटलं. उन्हातून आल्यावर गार पाणी लागावं तसं.

टेम्पो बाजूला झाला, मी पुढे गेले. अजून दोन घरं होती.

२५ मार्च, बुधवार

काल लिहिलेलं सकाळी वाचलं. हे काय लिहून बसले मी! पान फाडणार होते, पण नेमका त्याच्या मागे सर्व्हिस सेंटरच्या बाईंचा नंबर आहे. राहू दे. माझी डायरी कोण वाचतंय? फ्रिजवर तर असते.

नंबरावरून आठवलं म्हणून बाईंना फोन केला. पार्ट आलेला नाही. "ब्रेक मऊ लागला तर लगेच थांबा हं मॅडम," म्हणाल्या. मला एकदा मऊ लागला हे त्यांना सांगणार होते. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना कुठेतरी लिहून घ्यावं लागलं असतं, आणि मग गाडी बंद.

२८ मार्च, शनिवार

लेकीला काय झालंय कळत नाही. दोन दिवस झाले, मी उठायच्या आत चहा तयार. आज माझे बूट पुसून ठेवले होते. आल्यावर विचारते, "आज किती घरं झाली? जेवलीस का? वर गेली होतीस?" परीक्षा जवळ आली की मुलं अशी गोड होतात. मी म्हटलं, "पैसे हवेत का?" तर डोळे भरून आले तिचे. अभ्यासाचा ताण आहे. हल्लीच्या मुलांना सगळ्याचा ताण येतो.

यांना म्हणाली, "बाबा, आईला गाडी चालवू देऊ नका." हे म्हणाले, "काय?" तिने पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, "तुझी आई कुणाचं ऐकते का?" दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी भांडी घासायला घेतली.

आज डायरीतलं पेन भलत्याच पानात होतं. फ्रिज पुसताना कुणीतरी खाली पाडली असणार.

२ एप्रिल, गुरुवार

रात्रीचे नऊ वाजलेत, आता कुठे लिहायला बसलेय.

सकाळी साडेसहाला आंघोळ करून बाहेर आले, तर किल्ली खिळ्यावर नाही. गाडी दारात नाही. टेबलावर चिठ्ठी: 'आई, गाडी नेतेय. वरच्या वस्तीपर्यंत जाते, उतार उतरून परत येते. काळजी करू नकोस, मी हळू चालवीन आणि मागच्या ब्रेकवर भर देईन.'

फोन लावला, तो आतल्या खोलीत वाजला. मुद्दाम ठेवून गेली होती.

हे पहाटेच्या पाळीला गेलेले. छापखान्यात फोन लावला, कुणी उचलला नाही, त्या खडखडाटात कुणाला ऐकू येतंय? धावत कोपऱ्यापर्यंत गेले, मिस्त्रीचं शटर खाली होतं. रिक्षा करून वर जावं तर मधल्या मध्ये ती परत यायची. मग फाटकापाशी येऊन उभी राहिले. गणवेश अंगात, केस ओले, पायात घरातल्या चपला.

काय काय दिसलं मला, ते लिहायला नको. वीस वर्षं लोकांच्या मोडक्या अंगांची पट्ट्या-मलमं करतेय, त्यामुळे मला मोघम काही दिसत नाही. मांडीचं हाड कुठे मोडतं, कशी सूज येते, हेल्मेट असूनही मान कशी जाते, एकेक हाड नावानिशी दिसत होतं. तो टेम्पो दिसत होता. मला सगळ्यात जास्त आठवत होतं ते, 'मला सवय आहे,' असं मी तिला म्हटलं होतं ते. शेजारच्या आजी विचारत होत्या, "काय गं, कुणाची वाट बघतेस?" मी रस्त्याकडेच बघत होते. शेवटी फाटकाच्या पायरीवरच बसले.

मोठ्या सिस्टरचा फोन आला, पहिल्या घरचे लोक वाट बघताहेत. मी म्हटलं, "माझी मुलगी बाहेर गेलीय." त्या म्हणाल्या, "मग?" मी फोन ठेवून दिला. असं आजवर कधी केलं नव्हतं.

सात चाळीसला आली. गाडीचा आवाजसुद्धा ऐकू आला नाही मला, कान बंदच झाले असावेत. बघते तर एकदम फाटकात, गाडी हाताने धरून उभी. घामाने निथळत होती, दोन्ही दंड थरथरत होते, श्वास लागलेला. भ्याली होती पोर, उतारावर काहीतरी झालं असणार. मी हात उगारला. मग तो हात तिच्या डोक्यावरच गेला. हेल्मेट काढलं, मान चाचपली, मनगटं चाचपली, गुडघे चाचपले. सगळं जागेवर होतं.

"कशाला गेलीस? कशाला?"

"एक तास झाला ना तुझा?" ती म्हणाली. दम लागल्याने शब्द तुटत होते. "माझा रोज जातो. सात वाजता तू निघतेस तेव्हापासून. मी वर्गात बसलेली असते आणि मला शिकवलेलं काही ऐकू येत नाही."

मी तिच्या हातातून गाडी घेतली.

"सहा आठवडे पलंगावर पडायचं असेल ना, तर पाय मोडून घ्यावा लागत नाही, आई. रजा मिळते. माणसं मागतात आणि घेतात."

असं म्हणून ती रडायला लागली, आणि मग मीही. शेजारच्या आजींनी पाणी आणलं, त्यांना वाटलं कुणी गेलं.

गाडी आत घेताना इंजिनाला हात लागला, गार होतं. सकाळची हवा गार असते.

नेमके सहाच आठवडे कुठून आणले हिने, याचा दिवसभर विचार करतेय. हाड जुळायला तेवढेच लागतात, नर्सच्या पोरीला माहीत असणारच म्हणा.

३ एप्रिल, शुक्रवार

गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये उभी करून आले. बाई म्हणाल्या, "पार्ट यायला वेळ आहे अजून." मी म्हटलं, "असू दे. इथेच राहू दे. घरी राहिली तर मी चालवीन." त्यांनी एक पावती दिली आणि का कोण जाणे, माझा हात धरला.

मोठ्या सिस्टरकडे गेले. वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं, तिथे एकच वाक्य आलं: "मला रजा हवी."

"किती दिवस?"

"सहा आठवडे." म्हणताना माझंच मला आश्चर्य वाटलं.

"सहा आठवडे! आणि वरच्या वस्तीचं काय? शिंप्यांचं?"

इथे मी नेहमी माघार घेते. आजही घेणार होते. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनाच काय वाटलं कोण जाणे. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बसा आधी. शेवटची रजा कधी घेतली होतीत?" मला आठवेना. त्यांनी रजिस्टर काढलं. त्यांनाही सापडेना. दोन रजिस्टरं उलटून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चार आठवडे मिळाले. नवी सिस्टर बसने अर्ध्यापर्यंत जाऊन पुढे चढून जाणार आहे, एक दिवसाआड. ती 'हो' म्हणाली ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट टोचलं. तिला ती टाच काय कळणार?

७ एप्रिल, मंगळवार

झोपले.

८ एप्रिल, बुधवार

पुन्हा झोपले. मध्ये उठून जेवले. यांनी दुपारच्या सुट्टीत येऊन वरण-भाताचा कुकर लावला, शिट्टी ऐकू आली नाही म्हणून करपवला, आणि करपलेलंच ताटात वाढून समोर बसून राहिले. म्हणाले, "तुला इतकं झालं होतं तर सांगायचंस ना." मी म्हटलं, "काय झालं होतं मला?" ते म्हणाले, "काय?" मी पुन्हा विचारलं नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

राहवलं नाही, बसने वरच्या वस्तीला गेले. अर्ध्यावर उतरून चढताना तीनदा बसावं लागलं. गाडीवर असताना हा चढ एवढा आहे हे कळलंच नव्हतं.

शिंपी दारातच होते. "आलात? पाहुण्या म्हणून बसा. हात लावायचा नाही."

"टाच बघू द्या."

"पाहुणे यजमानाची टाच बघत नाहीत."

पण दाखवली. मी खिडकीच्या उजेडात नीट पाहिली. कडा गुलाबी झाल्यात. आतलं मांस लाल, ताजं. खोली निम्म्यावर आलीय. पाच महिने मी जीव तोडून करत होते तेव्हा झालं नाही, ते या पोरीच्या हातून दोन आठवड्यांत झालं.

"काय करते ती वेगळं?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"काही नाही. हळू करते," शिंपी म्हणाले. "चढून आल्यावर तिला अर्धा तास दम खायला लागतो, तोवर बसते, गप्पा मारते. पायाखाली उशी ठेवायला सांगितलं, आणि मशीन बंद करायला लावलं तिने. तुम्ही दहा मिनिटांत यायचात आणि जायचात, सिस्टर. मी मशीन चालवतो हे तुम्हाला माहीत होतं, पण ओरडायला तुम्हाला वेळ कुठे होता?"

त्यांनी ते कडू बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. चहा केला माझ्यासाठी. मी प्यायले. परत उतरताना रस्ताभर रडू येत होतं, आणि ते नेमकं कशाचं, हे मला नीट सांगता येणार नाही. जखम भरतेय याचा आनंद तर होताच. तोही होता.

३० एप्रिल, गुरुवार

रजा संपत आली. मोठ्या सिस्टरना सांगून आले: पाच घरं करीन, नऊ नाही, आठही नाही. वरची वस्ती नव्या सिस्टरकडेच राहू दे. त्या म्हणाल्या, "बघू." मी म्हटलं, "बघू नका, लिहा." त्यांनी लिहिलं. बाहेर येऊन जिन्यातच बसले. एवढं साधं वाक्य, त्यासाठी वीस वर्षं.

लेकीची परीक्षा संपली. पेपर बरे गेले म्हणते. तिला विचारलं, "त्या दिवशी उतारावर काय झालं होतं गं? ब्रेक मऊ लागला का?" ती म्हणाली, "कुठल्या उतारावर?" मग एकदम, "नाही नाही, काही नाही झालं," म्हणून आत गेली. त्या सकाळचा विषय तिला नकोसा वाटतो. मीही आता काढणार नाही.

१२ मे, मंगळवार

पाचही घरं आटोपली तेव्हा सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, गाडी तयार आहे. लेक बरोबर आली.

बाईंनी कागदावर सही घेतली. नवं सील बसवलंय, तेल बदललंय, तपासणी झालीय. मी विचारलं, "माझं जुनं सील कसं निघालं? खराब होतं का?"

"जुनी सगळी एका डब्यात टाकतो, मॅडम. कंपनीला परत पाठवायची असतात. कुठलं कुणाचं ते नाही सांगता येत."

म्हणजे त्या दिवशी ब्रेक मऊ होता की माझी बोटं, हे मला कधीच कळणार नाही. घरी गेल्यावर यांना सांगायला काहीतरी हवं होतं, तेही नाही.

गाडी सुरू केली. सव्वा महिन्यानंतर. लेक न विचारता मागे बसली, मी नको म्हणायच्या आत कमरेला हात घातले. मोठ्या रस्त्याला लागलो. पुढे एक ट्रक चालला होता, त्याने सिग्नल न देता वेग कमी केला. मी ब्रेक दाबला. लागला, अगदी नीट, मऊ नाही की कडक नाही. ट्रकपासून चांगलं वीस हात अंतर राहिलं. काही म्हणता काही झालं नाही.

आणि माझं काळीज घशात आलं. हात हँडलवर धरवेना. गाडी बाजूला घेतली, कशीबशी स्टँडवर लावली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसले.

लेक शेजारी बसली. काय झालं विचारलं नाही तिने. एवढंच म्हणाली, "भीती वाटली?"

"हो."

"खूप?"

"खूप. पाय बघ कसे कापताहेत."

ती पायांकडे बघत राहिली आणि हसली. रडणारं माणूस हसतं तसं. माझ्या गुडघ्यावर तिने हात ठेवला आणि तो कापायचा थांबेपर्यंत काढला नाही.

"निघायचं?" तिने विचारलं.

"थांब जरा."

पिशवीत फोन वाजायला लागला. मोठ्या सिस्टर असणार, उद्यापासून पाचाची सहा घरं करायला. किंवा नसतीलही, हेच विचारत असतील की गाडी आली का. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उघडली नाही. वाजू दिला. वाजून वाजून तो आपोआप थांबला.

आम्ही आणखी बराच वेळ तिथे बसलो. समोरून गाड्या जात होत्या. मला कुठेही वेळेवर पोचायचं नव्हतं.